यान मासारिक: दोन राजीनाम्यांमधली दहा वर्षे

पुणे,
१० मार्च

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. यान मासारिकबद्दल तू एकच प्रश्न विचारला आहेस: ज्याने १९३८ मध्ये राजीनामा दिला, तोच १९४८ मध्ये खुर्चीला चिकटून का राहिला? ‘चिकटून’ हा शब्द मला फार लागला, म्हणून सविस्तर लिहायला बसलो आहे.

चेकोस्लोव्हाकियाचे पहिले अध्यक्ष तोमाश मासारिक यांचा हा मुलगा. आई अमेरिकन. तरुणपणी तोही अमेरिकेस गेला आणि ब्रिजपोर्टच्या पितळेच्या कारखान्यात राबला. १९१९ मध्ये तो आपल्या नव्या देशाच्या परराष्ट्र सेवेत शिरला आणि १९२५ पासून तेरा वर्षे लंडनच्या वकिलातीचा प्रमुख होता. वडील वारले ते १४ सप्टेंबर १९३७ रोजी, नेमके त्याच्या एक्कावन्नाव्या वाढदिवशी. त्यानंतर वर्षभराने म्युनिकमध्ये जर्मनी, इटली, ब्रिटन आणि फ्रान्स या चार सत्तांनी त्याच्या देशाचे लचके तोडले आणि त्या बैठकीत त्याच्या देशाला बसायला जागासुद्धा दिली नाही. माझ्या देशाचा बळी देऊन जगाची शांतता टिकणार असेल तर मी सर्वांआधी टाळ्या वाजवीन, नाहीतर देवच तुमच्या आत्म्यांना तारो, अशा आशयाचे तो ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन आणि परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स यांना म्हणाल्याचे सांगतात. वर्ष संपता संपता त्याने पद सोडले. तेव्हा त्या पदात राखण्यासारखे काही उरलेच नव्हते, हे ध्यानात घे.

पुढे युद्ध सुरू झाले आणि तो बीबीसीवरून मायदेशाशी बोलू लागला. १९४० मध्ये लंडनमधील निर्वासित सरकारचा परराष्ट्रमंत्री झाल्यावरही त्याने हे बोलणे सोडले नाही. तिकडे देश व्यापून बसलेल्या जर्मनांनी प्रत्येक रेडिओला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी अडकवायला लावली होती: परदेशी केंद्र ऐकाल तर तुरुंग, प्रसंगी मृत्यू. रेडिओतील लघुलहरींचा भागही काढून घेतला होता. लोकांनी त्यावर तारेचे एक छोटेसे वेटोळे बनवून बसवण्याची युक्ती काढली आणि त्याला चर्चिलवरून ‘चेर्चिल्का’ असे नाव दिले. रात्री दार लावून, आवाज बारीक करून जो आवाज लोक ऐकत, त्यात याचा आवाज होता. देशात त्याच्या शब्दाला जे वजन होते ते असे कमावलेले होते.

१९४७ च्या जुलैत मार्शल योजनेच्या, म्हणजे युरोपच्या उभारणीसाठीच्या अमेरिकन मदतीच्या, पॅरिस परिषदेस जायचे मंत्रिमंडळाने ठरवले. साम्यवादी पंतप्रधान गोटवाल्डबरोबर हाही मॉस्कोला गेला, स्टालिनने नकार ठणकावला आणि प्रागला तो निर्णय मुकाट्याने मागे घ्यावा लागला. त्याच महिन्यात अध्यक्ष बेनेश यांना पक्षाघाताचा झटका आला.

आता तुझा प्रश्न. २० फेब्रुवारी १९४८ रोजी साम्यवादी नसलेल्या बारा मंत्र्यांनी राजीनामे दिले. सव्वीस जणांच्या मंत्रिमंडळात ते निम्मेही नव्हते, म्हणून सरकार पडले नाही, आणि कुठल्याच पक्षात नसलेल्या यानने राजीनामा दिला नाही. २५ तारखेला बेनेश यांनी ते राजीनामे स्वीकारले आणि साम्यवाद्यांच्या वर्चस्वाखालील नव्या सरकारात यान परराष्ट्रमंत्री म्हणून राहिला. बेनेश यांची साथ सोडणार नाही, असा शब्द त्याने वडिलांना दिला होता, असे सांगितले जाते. खचलेल्या, आजारी माणसाला एकटे टाकून जाणे त्याला जमले नाही, असे मला वाटते. तरी त्याचे चुकलेच, असे माझे मत आहे. त्या बारा जणांकडे नव्हते असे नाव त्याच्याकडे होते, आणि ते नाव नव्या सरकारच्या उपयोगी पडले. पण यात खुर्चीचा मोह मला कुठेच दिसत नाही.

गेल्या सप्टेंबरात प्रागला चेर्नीन राजवाड्यासमोर मी बराच वेळ उभा होतो. समोरच्या लोरेता देवळातल्या घंटा तासाला भजनाची चाल वाजवतात. याच राजवाड्यात त्याचे सरकारी निवासस्थान होते, आणि १० मार्च १९४८ च्या पहाटे न्हाणीघराच्या खिडकीखाली, अंगणात, रात्रीच्या कपड्यांत त्याचा देह सापडला. सरकारने आत्महत्या म्हटले, या शतकाच्या सुरुवातीस पोलिसांनी खून म्हटले, आणि त्यानंतरचा तपास २०२१ मध्ये ठाम निष्कर्षाविना थांबला.

त्याच्या तीनच दिवस आधी, ७ मार्चला, वडिलांची जयंती म्हणून तो लानी गावी त्यांच्या कबरीवर जाऊन आला होता. आता तोही तिथेच, आईवडिलांशेजारी आहे.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
सुधीर