काळी मान, पांढरं तोंड

संपादक साहेब, माझी भाची नववीत आहे, रंगानं सावळी. गॅदरिंगच्या डान्सआधी मेकअपवाल्या बाईनं तिच्या तोंडाला एवढी पावडर थापली की मान काळी न तोंड पांढरं, अन् वरून मागच्या रांगेत उभी केली, काहून तर म्हणे फोटो चांगला येते! पोरगी काही बोलली नाही, घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर स्वतःचं चित्र काढत बसली, तपकिरी खडू घासून घासून संपवला. तिकडे अमेरिकेत काळ्या मुलींच्या वेण्या, कुरळे केस शाळांना खुपायचे, तर अशा केसांवरून कोणाशी भेदभाव करू नये म्हणून तिथल्या कॅलिफोर्निया राज्यानं २०१९ मध्ये कायदाच केला. आपल्याकडे २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली' क्रीमच्या नावातलं 'फेअर' तेवढं गेलं. मी सीताबर्डीवरून दोन तपकिरी खडू आणले, सुटे मिळतच नव्हते बाप्पा, पूर्ण डबेच घ्यावे लागले.

– एक मावशी, नागपूर