किनाऱ्यावरच्या वस्तीची संघटना हंगामापुरती नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समुद्रकाठच्या लहान शहरांत रहिवासी संघटना आता बहुतेक प्रत्येक वस्तीत आहेत आणि त्यांचे वर्षभराचे वेळापत्रकही साधारण सारखेच असते. पर्यटनाचा हंगाम जवळ आला की रंगरंगोटी आणि दिव्यांची दुरुस्ती, हंगामात एखादा किनारा महोत्सव, वाळूशिल्पांची स्पर्धा, किनारा स्वच्छतेचा एखादा रविवार, आणि हंगाम सरला की पुढच्या बैठकीपर्यंत सारे शांत. या उपक्रमांना माझा विरोध नाही. त्यांतून माणसे एकत्र येतात, व्यवसायाला हातभार लागतो आणि मुलांना आपल्या किनाऱ्याविषयी आपलेपणा वाटू लागतो. परंतु अशा एका संघटनेच्या कामात बरीच वर्षे सहभागी राहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, किनाऱ्यावरच्या वस्तीला संघटनेची सर्वाधिक गरज पाहुणे परत गेल्यानंतरच्या महिन्यांत असते. त्या महिन्यांत उपयोगी पडायचे तर कोणत्या घरात कोण राहते, कोणाला आधाराशिवाय चालता येत नाही आणि कोणत्या बंद घराची किल्ली कोणापाशी आहे, हे संघटनेला ठाऊक असले पाहिजे. हे काम साधे आहे, त्याला निधी जवळजवळ लागत नाही, आणि तरीही ते फार थोड्या ठिकाणी नेमाने होते.

अशा माहितीने किती फरक पडतो हे जपानमधील आवाजी बेटावरच्या होकुदान या गावाने दाखवून दिले आहे. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे परिसर हादरवणारा भूकंप झाला, तेव्हा हे किनाऱ्यालगतचे गाव केंद्रबिंदूच्या अगदी जवळ होते आणि तिथली जुनी लाकडी घरे मोठ्या संख्येने कोसळली. बाहेरची मदत पोहोचण्याआधीच शेजाऱ्यांनी आणि गावातल्याच स्वयंसेवी अग्निशमन पथकाने ढिगाऱ्यांखाली अडकलेल्या सुमारे ३०० लोकांना बाहेर काढले आणि त्याच दिवशी शोधकार्य पूर्ण केले. हे शक्य झाले ते यंत्रांमुळे नव्हे. कोणत्या घरात किती माणसे आहेत आणि घरातली वृद्ध व्यक्ती कोणत्या खोलीत अंथरूण घालते, हे शेजाऱ्यांना माहीत होते, त्यामुळे सगळा ढिगारा उपसत बसण्याऐवजी त्यांनी नेमक्या जागी हात घातला. मोठ्या शहरात शेजारच्या दारामागे कोण राहते याची कल्पना नसते, हे आपण सवयीने स्वीकारले आहे. परंतु जिथे वादळ, उधाण किंवा भूकंपानंतरची लाट येऊ शकते आणि घर सोडण्यासाठी कधी काही तास, तर कधी काही मिनिटेच हाती असतात, तिथे हे अज्ञान परवडणारे नाही.

म्हणून माझी पहिली सूचना एका वहीची आहे. आखीव पानांची साधी वही घ्यावी आणि प्रत्येक गल्लीला दोन पाने द्यावीत. घराच्या नोंदीपुढे राहणाऱ्यांची संख्या, अंथरुणाला खिळलेली किंवा ऐकू न येणारी व्यक्ती असल्यास ती कोणत्या खोलीत असते, नियमित औषध किंवा विजेवर चालणारे वैद्यकीय उपकरण आहे का, घर बंद असल्यास किल्ली कोणाकडे आहे, आणि संकटाच्या वेळी त्या घराचे दार वाजवण्याची जबाबदारी कोणत्या दोन शेजाऱ्यांनी घेतली आहे, एवढेच लिहावे. भाडेकरू बदलतात, मुले शिकायला बाहेरगावी जातात, आजारी माणूस बरा होतो, म्हणून नोंदी पेन्सिलीने कराव्यात आणि दर तीन महिन्यांनी घरोघरी जाऊन तपासाव्यात. वहीच्या दोन प्रती असाव्यात आणि त्यांपैकी एक वस्तीतल्या सर्वांत उंच जागेवरच्या घरात, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी. ही माहिती खासगी आहे हे लक्षात घेऊन ती कोणी पाहायची हे सभेत ठरवावे आणि ज्याला नोंद नको असेल त्याच्यावर सक्ती करू नये. दर तीन महिन्यांनी दारात जाऊन विचारपूस करणे हा या वहीचा निम्म्याहून अधिक लाभ आहे, असे मला वाटते, कारण एकट्या राहणाऱ्या वृद्धांना त्या दिवशी कोणीतरी नावाने हाक मारलेली असते.

यावर कोणी म्हणेल की, मोबाइलवरचा गट असताना वहीची गरज काय. गट उपयोगी आहे आणि तो असावाच, परंतु नेमक्या गरजेच्या वेळी तो बंद पडतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरे एकाच वेळी निकामी झाले आणि अनेक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. त्या दिवसांत ज्यांना शेजाऱ्याचे दार माहीत होते त्यांचेच निरोप पोहोचले.

दुसरा प्रश्न सभासदत्वाचा आहे आणि तो अधिक अवघड आहे. बहुसंख्य संघटनांच्या नियमांत मताचा अधिकार मालकाला असतो. समुद्रकाठच्या शहरांत मात्र मालक आणि रहिवासी हे अनेकदा वेगळे असतात. सुट्टीसाठी घेतलेले घर वर्षातून काही आठवडे उघडते, तरी त्याचा मालक मतदान करतो, आणि त्याच गल्लीत पंधरा वर्षे भाड्याने राहणारी परिचारिका, निवास व्यवसायात काम करणारे कामगार किंवा खोली घेऊन राहणारे खलाशी यांना सभेचे साधे निमंत्रणही जात नाही. परिणामी ठराव दिसण्यासंबंधीचे होतात, राहण्यासंबंधीचे होत नाहीत. फरसबंदी, कमानी आणि वाहनतळ यांवर दोन-दोन तास चर्चा चालते. हंगाम नसताना बससेवा कमी होते किंवा दवाखान्याच्या वेळा बदलतात, त्याविषयी कोणी पत्रही लिहीत नाही.

इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या सेंट आइव्ह्ज या किनारी शहरात हाच ताण टोकाला गेला होता. तेथील रहिवाशांनी २०११ च्या स्थानिक अधिकारविषयक कायद्याचा आधार घेऊन आपल्या परिसराचा विकास आराखडा स्वतः तयार केला आणि नवी घरे कायम राहणाऱ्यांसाठीच असावीत, अशी अट त्यात घातली. मे २०१६ मधील सार्वमतात मतदान करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी त्याला पाठिंबा दिला. या अटीमुळे स्थानिकांना घरे खरोखर परवडू लागतात का, याविषयी अर्थतज्ज्ञांत मतभेद आहेत आणि तसाच नियम सर्वत्र करावा असे मी म्हणत नाही. सुट्टीचे घर घेणारी माणसे परकी मानावीत असेही मला वाटत नाही; त्यांतील अनेकांना गावाविषयी मनापासून प्रेम असते आणि ते पैशाने व ज्ञानाने मदत करतात. माझा मुद्दा असा की, वर्षभर राहणाऱ्यांनी एकत्र बसून आपल्या वस्तीचे पुढे काय व्हावे हे कागदावर लिहिले, तेव्हाच त्यांच्या म्हणण्याला वजन आले. आपल्याकडच्या संघटनांनीही, मालकी असो वा नसो, वर्षातले ठरावीक महिने वस्तीत राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाला सभासद करून घ्यावे आणि निदान दैनंदिन प्रश्नांवर तरी त्याला मत द्यावे.

मच्छीमार कुटुंबांबाबत तर वेगळेच लिहिले पाहिजे. जाळी पसरण्याची, होड्या ओढून घेण्याची आणि इंजिन दुरुस्तीची जागा ही त्यांच्या कामाची जागा आहे, आणि ती बहुधा आजूबाजूच्या इमारतींपेक्षा जुनी असते. नव्याने राहायला आलेल्यांना तिथला वास आणि पहाटेचा आवाज नकोसा होतो, मग संघटनेच्या शिक्क्यानिशी तक्रारअर्ज जातो, आणि ज्यांच्याविरुद्ध तो अर्ज आहे त्यांच्यापैकी एकही जण त्या सभेला नसतो. ते का नसतात याचे कारण अनेकदा अगदी साधे असते. भरतीची वेळ दररोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि लहान होड्यांचे जाणे-येणे त्यावर अवलंबून असते, त्यामुळे ‘दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा’ ही वेळ नोकरदारांना सोयीची असली, तरी मच्छीमारांना ती कधी जमते, कधी नाही. सभेची तारीख ठरवण्याआधी भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे आणि भांगाच्या दिवसांत, जेव्हा पाण्याची ओढ कमी असते आणि अनेकांच्या होड्या किनाऱ्यावर असतात, तेव्हा सभा घ्यावी. सरकारी यंत्रणेचा इशारा येण्याआधी पाण्याचा बदललेला रंग आणि वाऱ्याची दिशा पाहून जो सावध होतो, तो माणूस सभेत नसेल, तर त्या वस्तीच्या सुरक्षिततेची चर्चा अपुरी राहते.

किनारा स्वच्छतेविषयीही थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक उत्साह तिथेच खर्च होतो. १९८६ मध्ये अमेरिकेतील टेक्सासच्या किनाऱ्यावर २,८०० स्वयंसेवकांनी एका दिवशी काही तासांत १२४ टन कचरा उचलला आणि आज जगभर चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिनाची ती सुरुवात ठरली. त्या मोहिमेचे वैशिष्ट्य उचललेल्या वजनात नव्हते. प्रत्येक वस्तू काय आहे याची नोंद स्वयंसेवकांनी छापील पत्रकावर केली होती, आणि त्यामुळे कचरा कोठून येतो हे पुराव्यानिशी सांगता आले. आपल्याकडे पिशव्या भरल्या जातात, छायाचित्रे निघतात आणि पिशव्यांत काय होते हे कोणालाच कळत नाही. दोरखंडांचे तुकडे अधिक आहेत की बाटल्यांची झाकणे, औषधांची वेष्टने कोणत्या नाल्याच्या मुखापाशी साचतात, हे दोन-तीन वर्षे लिहून ठेवले, तर नगरपालिकेशी बोलताना संघटनेच्या हाती काहीतरी ठोस असेल. उत्साहाच्या भरात आणखी एक चूक होते, ती म्हणजे वाळूवर पसरलेली मर्यादवेल उपटणे आणि लाटांनी आणलेले समुद्रशैवाल कचरा समजून उचलणे. वेल वाळूला धरून ठेवते, शैवालावर लहान जीव आणि पक्षी जगतात. हे दोन्ही जिथल्या तिथे राहू द्यावे.

स्वच्छतेचे खरे निकडीचे ठिकाण वाळूवर नसून सांडपाण्याच्या नाल्याच्या तोंडाशी असते. अनेक किनारी शहरांत नाला समुद्राला मिळतो तिथे लोखंडाची एक झडप बसवलेली असते. ओहोटीत नाल्याचे पाणी तिला ढकलून बाहेर जाते आणि भरतीत समुद्राच्या दाबाने ती घट्ट बसते. जाळ्याचा एक तुकडा किंवा मूठभर प्लास्टिक तिच्या कडेत अडकले की ती पूर्ण मिटत नाही, आणि मग अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आकाश निरभ्र असतानाही खारे पाणी उलट वाहत गटारांतून रस्त्यावर येते. ती झडप तपासायला ओहोटीची वेळ, दोन माणसे आणि एक कोयता पुरतो. दुरुस्ती पालिकेचीच जबाबदारी आहे, पण दर उधाणाआधी जाऊन पाहणे आणि अडचण लेखी कळवणे हे शेजाऱ्यांनी करायला हरकत नाही.

उत्सव बंद करा, असे मी म्हणत नाही, हे पुन्हा स्पष्ट करतो. जपानमधीलच हिरोगावा या गावात १८५४ च्या त्सुनामीच्या वेळी हामागुची गोर्यो या गृहस्थांनी अंधारात वाट चुकलेल्या गावकऱ्यांना उंचवट्याकडे येता यावे म्हणून भाताच्या पेंढ्यांच्या गंजी पेटवल्या, आणि नंतर स्वतःच्या पैशाने गावकऱ्यांनाच मजुरी देऊन सुमारे ६०० मीटर लांबीचा बंधारा बांधून घेतला. १९४६ च्या त्सुनामीत त्या बंधाऱ्याने गावाचा मोठा भाग वाचवला. तिथे दर नोव्हेंबरला होणाऱ्या उत्सवात शाळकरी मुले बंधाऱ्यावर माती टाकतात. म्हणजे तिथला उत्सव हीच एका कामाची उजळणी आहे. इंडोनेशियातील सिमेउलुए बेटावर १९०७ च्या लाटेची आठवण गाण्यांतून आणि गोष्टींतून मुलांपर्यंत पोहोचत राहिली, आणि २६ डिसेंबर २००४ रोजी जमीन हादरून समुद्र मागे सरताच लोक डोंगरावर गेले. सुमारे ७८,००० लोकसंख्येच्या त्या बेटावर त्सुनामीत अवघे सात जण दगावले. आपल्या देशातही ओडिशातील वेंकटरायपूर आणि नोलियासाही या गावांनी स्थलांतराच्या वाटांचे फलक, नकाशे आणि सराव यांची तयारी करून २०२० मध्ये युनेस्कोच्या आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोगाकडून ‘त्सुनामी सज्ज’ ही मान्यता मिळवली. आपल्या महोत्सवाच्या एका संध्याकाळी सगळी वस्ती लहान मुलांसह उंच जागेपर्यंत चालत गेली आणि कोणाला किती वेळ लागला हे लिहून ठेवले, तर त्या कार्यक्रमाला कोणी कंटाळेल असे मला वाटत नाही.

शेवटी आपल्याकडे एक विनंती आहे. आपल्या दैनिकाच्या स्थानिक पानावर सोन्याचे भाव आणि सूर्योदय-सूर्यास्त नियमित येतात. त्याच जागी दर आठवड्याला भरती-ओहोटीच्या वेळा आणि मोठ्या उधाणाच्या तारखा छापाव्यात, तसेच किनारी वस्त्यांतील संघटनांच्या सभांच्या सूचना विनामूल्य द्याव्यात. भाडेकरू, कामगार आणि होडीवरची माणसे यांच्यापर्यंत ती सूचना अशा मार्गाने पोहोचेल, आणि संघटनांनाही सभेची तारीख ठरवताना कोष्टक समोर असेल.

आपला,
एक किनारवासी वाचक