फॉरमॅट मारण्याआधी फायली काढून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपतीच्या आधी आमच्या बाबांचा कॉम्प्युटर बंद पडला, म्हणजे लाइट लागतो, पंखा फिरतो, विंडोजचं चिन्ह येतं आणि तिथूनच परत रिस्टार्ट, असं दिवसभर चाललं होतं. बाबा रिटायर्ड मास्तर, वय ७८. आणि त्या कॉम्प्युटरमध्ये माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आजी २०११ ला गेली, त्याआधी दोन उन्हाळे बाबांनी तिच्याशेजारी बसून एकेक ओवी वहीत उतरवून घेतली आणि मग एका बोटाने टाइप केली. वह्यांना पुढे वाळवी लागली. त्यामुळे जे काय उरलं होतं ते त्या एका डब्यात.

दुकानात नेला. तिथल्या मुलाने चालू करून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, ताई विंडोज करप्ट झालीय, फॉरमॅट मारायला लागेल, म्हणजे पुसून विंडोज नव्याने टाकायची, संध्याकाळी घेऊन जा, पाचशे रुपये. मी विचारलं फायलींचं काय, तर म्हणे सी ड्राइव्हमधलं, म्हणजे डिस्कच्या विंडोज असलेल्या भागातलं, जाईल, डी या दुसऱ्या भागातलं राहील. मला वाटलं चला, निम्मं तरी वाचलं. तेवढ्यात बाबा म्हणाले, अरे पण मी सगळं डेस्कटॉपवरच ठेवतो, उघडल्या उघडल्या समोर दिसतं म्हणून. आणि संपादकसाहेब, डेस्कटॉप काय, माय डॉक्युमेंट्स काय, डाउनलोड काय, हे सगळं न बदलता ठेवलं तर सी मध्येच असतं! ते आम्हाला माहीत नव्हतं, आणि त्या मुलाने विचारलंही नाही. मी डबा तसाच उचलून रिक्षात घातला आणि घरी आणला.

माझ्या बहिणीचा मुलगा कॉम्प्युटर डिप्लोमाला आहे, तो रविवारी आला. त्याने जे केलं ते सगळ्यांना कळावं म्हणूनच हे पत्र. तो म्हणाला मावशी, विंडोज बिघडली म्हणजे हार्ड डिस्क बिघडली असं नसतं, घराचं कुलूप बिघडलं म्हणून आतलं सामान थोडंच जातं. त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट नावाची, विंडोजऐवजी थेट पेनड्राइव्हवरून चालणारी सिस्टम फुकट डाउनलोड केली, रुफस म्हणून एक छोटं सॉफ्टवेअर आहे त्याने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवली (पेनड्राइव्हमधलं आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकामाच घ्यायचा). मग बाबांच्या कॉम्प्युटरला तो लावला, चालू करता करता एफ १२ दाबत राहिला, मेनू आला, त्यात पेनड्राइव्ह निवडला. कंपनीप्रमाणे हे बटण वेगळं असतं, कुठे एफ ९ कुठे एस्केप. खूप वेळ काळी स्क्रीन आणि मग एकदम हिरवट डेस्कटॉप उघडला, विंडोजशिवाय! तिथे इन्स्टॉल असं लिहिलेलं एक चित्र असतं, त्याला अजिबात हात लावायचा नाही, नाहीतर जुन्या डिस्कवरच नवी सिस्टम चढायची. आम्ही डिस्क उघडली, यूजर्स, मग बाबांचं नाव, मग डेस्कटॉप, आणि तिथे ‘आई’ नावाचा फोल्डर होता. बाबा खुर्चीवरून उठून स्क्रीनजवळ आले. सगळं दुसऱ्या हार्ड डिस्कवर कॉपी करायला दोन तास लागले.

पण हे डिस्क धड असेल तरच. डिस्कमधून टक टक असा आवाज येत असेल तर, भाचा म्हणाला, त्याच क्षणी बंद करायचं, परत परत चालू करून बघायचं नाही, आतलं हेड, म्हणजे तबकडी वाचणारा भाग, गेलेलं असू शकतं आणि दरवेळी चालू केलं की तबकडीवर जास्त ओरखडे पडू शकतात. मग ते डेटा रिकव्हरीवाल्यांचंच काम, आणि ते महाग असतं. मदरबोर्डच, म्हणजे कॉम्प्युटरमधला मुख्य सर्किट बोर्ड, गेला असेल तर डिस्क काढून यूएसबीच्या अॅडॉप्टरने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते, फक्त डेस्कटॉपच्या मोठ्या ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्टची वेगळी पॉवर लागते, लॅपटॉपच्या छोटीला नाही, हे अॅडॉप्टर घेताना बघून घ्यायचं. आणि नवीन विंडोज ११ चे लॅपटॉप असतील तर बऱ्याचदा डिस्कला बिटलॉकरचं कुलूप आपोआप लागलेलं असतं, ४८ आकडी ‘की’ (किल्ली) असल्याशिवाय डिस्क काढूनही काही वाचता येत नाही. ती की साधारणपणे आपल्या मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटवर सापडते. लॅपटॉप चांगला चालतोय तोवरच ती कागदावर उतरवून कपाटात ठेवा, मी माझी त्याच रात्री उतरवली.

आमचं अजून एक राहिलं होतं. माझ्या लॅपटॉपवर ओव्यांची फाइल उघडली तर एक अक्षर मराठी नाही, नुसत्या इंग्रजी खुणा, कंस, टिंबं. माझं काळीज हललं. भाचा म्हणाला फाइल चांगलीय, फॉन्ट नाहीये, बाबांनी युनिकोड, म्हणजे आता सगळीकडे वाचता येणारी टायपिंगची पद्धत, त्याच्या आधीच्या श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप केलंय. मग परत त्याच पेनड्राइव्हने जुन्या डिस्कच्या विंडोज फोल्डरमधला फॉन्ट्सचा फोल्डर उचलून आणला, तो फॉन्ट टाकला आणि ओव्या उमटल्या. पंढरीच्या वाटेच्या, भाऊरायाच्या, सगळ्या. ज्यांच्या घरी दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं मराठी टायपिंग आहे, संस्थांचे अहवाल, वंशावळी, कविता, त्यांनी फायलींबरोबर फॉन्टही काढून घ्या, नाहीतर फाइल हातात असूनही वाचता येणार नाही. नंतर ते युनिकोडमध्ये बदलून घेता येतं, आमचं ते काम आता चालू आहे, जोडाक्षरं बऱ्याच ठिकाणी तुटतात म्हणून बाबा प्रत्येक ओळ तपासतात.

रिपेअरिंगवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे, गिऱ्हाइकाला आधी फायलींबद्दल विचारा, कुठे ठेवता ते विचारा, आणि कॉपी काढून द्यायचे वेगळे पैसे घ्या की, आम्ही आनंदाने देऊ. आणि तुम्हाला विनंती की तुमच्या पुरवणीत हा पेनड्राइव्ह कसा बनवायचा ते एकदा चित्रांसकट आणि मोठ्या टाइपात छापा, बाबांच्या वयाच्या वाचकांना कात्रण काढून कॉम्प्युटरच्या टेबलावर चिकटवता येईल असं.

आपली,
एक वाचक, सातारा