मेणा उचलणाऱ्यांची नावे विचारायची नाहीत का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

संग्रहालयांनी सामाजिक न्यायाच्या चर्चेत पडू नये, असे सांगणारा कालच्या पुरवणीतला लेख दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना राग अधिकच आला, म्हणून आज सकाळी सर्वांत आधी हे पत्र लिहायला बसले. लेखकाचा अभ्यास मोठा असेल, भाषाही संयत आहे, त्याबद्दल काहीच म्हणणे नाही. पण संग्रहालय मुळात तटस्थ असते, हे त्यांनी गृहीत धरले आहे आणि बाकीचा सगळा लेख त्यावर उभा केला आहे. ते गृहीतकच मला मान्य नाही.

मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी आठवीचा वर्ग घेऊन एका संग्रहालयात गेले होते. त्याचे नाव लिहीत नाही. असे एकच संग्रहालय असते तर लिहिले असते.

तिथे एका दालनात मधोमध मेणा ठेवला होता. सागवानी, दारांवर हस्तिदंताची नक्षी. खालच्या पाटीवर चार ओळी होत्या: लाकूड कोणते, काम कोणते, शतक कोणते आणि कोणत्या घराण्याने तो भेट दिला. गाइडने नक्षीबद्दल पाच-सात मिनिटे सांगितले. चांगले सांगितले, मुलेही ऐकत होती. तेवढ्यात माझी एक विद्यार्थिनी काचेशी उकिडवी बसली आणि म्हणाली, "बाई, इथलं लाकूड वेगळं दिसतंय."

मी वाकून पाहिले. दांड्यावर पुढे दोन आणि मागे दोन अशा चार जागी पॉलिश पार उडाले होते. तिथले लाकूड काळपट आणि गुळगुळीत झाले होते, बोटभर रुंदीत किंचित खोलगटही. बाकी दांडा जसाच्या तसा. वर्षानुवर्षे ज्या जागी भोयांचे खांदे लागले, ती ही जागा. तीस वर्षे मी फळ्यावर खडूने जे शिकवत होते, ते त्या मुलीने दोन मिनिटांत डोळ्यांनी वाचले.

तिने गाइडला विचारले, "हा मेणा उचलायचे त्यांची नावं काय होती?" गाइड म्हणाला, त्याची नोंद नसते. लगेच मागून एका मुलाने विचारले, "त्यांना पैसे मिळायचे का? की नाही म्हणायची सोयच नव्हती?" यावर गाइडने मुलाकडे पाहिलेसुद्धा नाही. माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाई, मुलांना आवरा. मागे दुसरी शाळा थांबलीय."

आणि मी मुलांना पुढे नेले. ही टोचणी अजून गेलेली नाही. त्या दिवशीचा सर्वांत चांगला प्रश्न मी स्वतः गप्प केला, तोही मागच्या रांगेला उशीर नको म्हणून.

घरी आल्यावर मी संग्रहालयाला पत्र लिहिले. मागणी एका ओळीची होती. पाटीवर एवढेच लिहा की हा मेणा चार माणसे उचलत, दांड्यावरच्या झिजलेल्या खुणा त्यांच्या खांद्यांच्या आहेत आणि त्यांची नावे नोंदवून ठेवलेली नाहीत. यात कोणावर आरोप नाही, घोषणा नाही. लाकडावर जे दिसते तेच लिहायचे होते. दोन महिन्यांनी उत्तर आले: संग्रहालय हे वादाचे व्यासपीठ नाही. काल तुमच्या पुरवणीतल्या लेखात तोच सूर ऐकला आणि ते जुने उत्तर पुन्हा हातात पडल्यासारखे झाले.

महोदय, पाटी चार ओळींची असली तरी त्या चार ओळी कोणीतरी निवडलेल्या असतात. देणगी देणाऱ्याचे घराणे त्यात आले आणि उचलणारे आले नाहीत, तेव्हाच संग्रहालयाने बाजू घेतलेली असते. मग प्रश्न विचारणाऱ्या मुलीलाच राजकारण करू नकोस म्हणायचे, हा कुठला न्याय?

लेखकाला वाटते की असे प्रश्न आणले तर संग्रहालयाचे आंदोलनाचे मैदान होईल. प्रत्यक्षात काय झाले ते पाहू. अमेरिकेतल्या बाल्टिमोरला १९९२ साली फ्रेड विल्सन या कलावंताला मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीचा संग्रह खुला करून दिला गेला. त्याने मुख्यतः तळघरातल्या, वर्षानुवर्षे बाहेर न काढलेल्या वस्तू उचलल्या आणि नेहमीच्या वस्तूंशेजारी मांडल्या. चांदीच्या नक्षीदार भांड्यांच्या कपाटात त्याने गुलामांच्या पायातल्या बेड्या ठेवल्या आणि पाटी लिहिली 'धातुकाम'. दोन्ही धातूच्याच वस्तू, दोन्ही त्याच संग्रहातल्या. आतापर्यंत फक्त चांदी वर आली होती. तिथेच एक जुने चित्र होते, श्रीमंत घरातल्या मुलाचे. त्याच्या मागे गळ्यात धातूचा पट्टा घातलेला एक गुलाम मुलगा उभा आहे. चित्राजवळ गेले की ध्वनिमुद्रित आवाज यायचा, त्या मागच्या मुलाचा: मी तुझा मित्र आहे का? भाऊ आहे का? की तू पाळलेला प्राणी? हे वाचले तेव्हा मला माझी काचेशी बसलेली मुलगी आठवली. तिचा प्रश्न यापेक्षा कितीतरी सौम्य होता.

दक्षिण आफ्रिकेतले उदाहरण तर याहून मोठे आहे. केप टाउनमधली डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती १९६६ साली फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाली आणि पुढच्या काळात साठ हजारांहून अधिक माणसांना तिथून उठवले गेले. घरे पाडली. १९९४ साली तिथल्या एका जुन्या चर्चमध्ये संग्रहालय उघडले. जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा अंथरला आणि जुन्या रहिवाशांना सांगितले, तुमचे घर कुठे होते ते इथे लिहा. माणसे गुडघे टेकून आपापल्या गल्लीत नावे लिहू लागली. रस्त्यांच्या नावांच्या पाट्याही तिथे टांगल्या आहेत. घरे पाडण्याच्या कामावर असलेल्याच एका माणसाने त्या गुपचूप जपून ठेवल्या होत्या. मला यातली ही गोष्ट फार मोलाची वाटते. अन्याय ज्याच्या हातून झाला, त्यालाही त्या इमारतीत येऊन काहीतरी परत देता आले. न्यायालयात हे असे होत नाही, सभेत तर नाहीच.

आणि ज्यांना भांडणाची भीती वाटते त्यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलकडे पाहावे. गुलामांच्या व्यापारात भागीदार असलेल्या एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा जून २०२० मध्ये लोकांनी ओढून बंदरात टाकला. वर्षभराने तिथल्या एम शेड संग्रहालयाने तो लोकांसमोर ठेवला. उभा न करता आडवाच ठेवला, अंगावरचा रंग न पुसता, मोर्चातल्या फलकांसह. मग सगळ्यांना विचारले, याचे पुढे काय करायचे? सुमारे चौदा हजार जणांनी मत नोंदवले. शहरातल्या उत्तर देणाऱ्यांपैकी पाचातल्या चौघांनी सांगितले, संग्रहालयात ठेवा. रस्त्यावर ज्या प्रश्नासाठी दोरखंड लागले, तोच प्रश्न संग्रहालयाने कागद-पेन देऊन विचारला. लोक भांडले असतील, पण एका छताखाली, ती वस्तू समोर ठेवून.

लेखात आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या व्याख्येचा आधार घेतला आहे, तोही अर्धाच. २०१९ साली क्योटोत मांडलेल्या मसुद्यात मानवी प्रतिष्ठा आणि सामाजिक न्याय हे शब्द होते, चिकित्सक संवादाची जागा असेही म्हटले होते. त्यावरचे मतदान पुढे ढकलले गेले. २०२२ साली प्राग येथे जी व्याख्या मंजूर झाली, तिच्यात सामाजिक न्याय हे शब्द राहिले नाहीत, हे लेखकाने बरोबर सांगितले. पण संग्रहालय सर्वांसाठी खुले आणि सर्वसमावेशक असावे, त्याने विविधता वाढवावी आणि लोकसमूहांच्या सहभागाने काम करावे, हे त्याच व्याख्येत आहे, ते मात्र त्यांनी गाळले. सहभाग म्हणजे तिकीट काढून रांगेत चालणे, असा अर्थ त्यांना अभिप्रेत आहे का? माझ्या वर्गातली पोरे त्या दिवशी सहभागच घेत होती.

मला कोणी विचारले तर मी फार मोठे काही मागणार नाही. गाइडला नक्षीबरोबर दांड्याबद्दलही बोलायला शिकवा. 'नोंद नसते' या दोन शब्दांवर थांबू नका, नोंद का नसते हेही मुलांना सांगा, कारण इतिहासाचा खरा तास तिथून सुरू होतो. ज्यांचे पूर्वज मेणा उचलत होते त्यांना बोलवा आणि पाटी कशी लिहायची हे त्यांना विचारा. मेणा भेट देणाऱ्या घराण्यातल्या माणसांनाही त्याच वेळी बोलवा. दोघांना एकमेकांशी बोलायला अवघड जाईल. पण मध्ये ती वस्तू असली की माणसे एकमेकांकडे न पाहता तिच्याकडे पाहून बोलतात आणि त्यामुळे बोलणे सुरू तरी होते. वर्गात मी हे शेकडो वेळा अनुभवले आहे. मुलांना थेट 'जात' किंवा 'अन्याय' विषय दिला की ती गप्प होतात. एखादे जुने भांडे, एखादे हत्यार हातात दिले की बोलू लागतात.

आणि संग्रहालय लोक कामावर असतात त्या वेळात उघडे आणि ते सुटायच्या वेळेला बंद, हे कधी बदलणार? खांद्यावर ओझे वाहणाऱ्या माणसाला मेण्याचा दांडा पाहायला आणायचे, तर त्याची रोजची मजुरी बुडता कामा नये.

आता थोडे तुमच्याबद्दल, महोदय. त्या लेखासोबत तुम्ही नव्या दालनाच्या उद्घाटनाचे छायाचित्र छापले आहे. डावीकडून उजवीकडे सहा जणांची नावे, पदांसह, आणि शेवटी 'इतर'. छायाचित्र नीट पाहा. उजव्या कोपऱ्यात दोन माणसे एक जड मूर्ती दोरांनी तोलून चौथऱ्यावर बसवत आहेत. एकाच्या कपाळावरची शीर तटतटलेली दिसते. त्या सहा जणांपैकी एकाचाही हात मूर्तीला लागलेला नाही. त्या दालनात काम केलेले ते दोघे तुमच्या लेखी 'इतर' झाले.

तुमच्या छायाचित्रकाराने त्यांना पाहिले आहे, विचारले असते तर त्यांनी नावे सांगितली असती. ही माणसे हयात आहेत, त्यांची नोंद अजून करता येते. कृपया ती नावे शोधून येत्या अंकात दुरुस्ती म्हणून छापा. माझे पत्र जागेअभावी कापावे लागले तर बाकी काहीही कापा, ही विनंती तेवढी ठेवा.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका