बोर्डावरून, मुक्ताला

नाशिक, रविवार रात्र

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू रडलीस आणि मी भलतंच बोलून बसलो. "चांगलं काम आहे, घेऊन टाक" म्हणालो, जणू तू बँकेत लागणार होतीस. फोन ठेवल्यावर तुझ्या आईने असं पाहिलं की मी सरळ गच्चीवर गेलो. फोनवर मला बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. चाळीस वर्षं अंधारात बसून दुसऱ्यांच्या तोंडावर उजेड पाडला, स्वतःचं तोंड उघडायची सवयच राहिली नाही. म्हणून लिहितो.

मला कळलं ते असं: मालिकेत असिस्टंट म्हणून गेलीस तर नाटकाशी बेइमानी, न गेलीस तर घरभाडं नाही. भाड्याचं माझ्यावर सोड, या महिन्याचं पाठवलंय. बेइमानीचं मात्र मला पटत नाही.

सई परांजपे बघ. पुण्याच्या आकाशवाणीवर मुलांचे कार्यक्रम, मग दिल्लीचं नाट्य विद्यालय, मग दूरदर्शन, मग सिनेमा. 'स्पर्श', 'चश्मेबद्दूर', 'कथा' असं पाठोपाठ नाव झालं आणि नंतर बाई पुन्हा टीव्हीवर येऊन 'अडोस पडोस' करतात! नाटकं तर चालूच. आणि 'कथा' मुळात 'ससा आणि कासव' नावाचं मराठी नाटकच. विजयाबाई मेहतांचंही तेच. 1960 साली 'रंगायन' काढलं, ती प्रायोगिक चळवळ. त्याच बाईंनी पुढे व्यावसायिक रंगभूमीवर 'बॅरिस्टर' केलं, त्याच गोष्टीवर 'रावसाहेब' हा सिनेमा केला, आणि नंतर 'लाइफलाइन' ही दवाखान्यातली मालिकाही. आपल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'सुद्धा त्यांनीच पडद्यावर आणलं. यात बेइमानी कुठे झाली ते मला दाखव. सुमित्रा भावे तर समाजशास्त्राच्या. 1985 साली 'बाई' हा पहिला लघुपट केला तेव्हा चाळिशी उलटली होती. त्यापुढे 'दोघी', 'वास्तुपुरुष', आणि 'कासव'ला सुवर्णकमळ. आणि 'प्रपंच' आठवते? ती लागली की तुझी आई कुकरच्या शिट्ट्या मोजायची विसरायची. प्रतिमा कुलकर्णींची होती ती, मालिकाच होती.

पण या थोर बायकांची नावं घेऊन तुला गप्प करावं, यासाठी पत्र लिहायला बसलेलो नाही. मला दुसरंच सांगायचंय.

राज्य नाट्य स्पर्धा, साईखेडकर नाट्यगृह, तुझं पहिलं दिग्दर्शन. दिव्यांच्या बोर्डावर मी. शेवटच्या प्रवेशात म्हातारी दोरीवरचे कपडे काढत राहते आणि उजेड हळूहळू फक्त त्या दोरीवर उरतो. तो क्यू सतरा, म्हणजे दिवे बदलायचा सतरावा इशारा, मी चुकवला. दिवे मंद करायचा डिमर खाली गेलाच नाही. सगळे समजले आप्पांना झोप लागली. झोप नव्हती गं. मी पाहत राहिलो. इतकी वर्षं नाटकं केली, पण बोर्डावरून नाटक बघायचं नसतं, कागद बघायचा असतो. त्या दिवशी मी कागद सोडून नाटक पाहिलं.

पडदा पडल्यावर तू विंगेत आलीस. सगळ्यांसमोर, आवाज न चढवता विचारलंस, "आप्पा, सतरा कुठे होता?"

दोन दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. आईला म्हणालो, पोरगी उद्धट झाली. तिने शांतपणे विचारलं, "हेच एखाद्या मुलाने विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?" मला उत्तर ठाऊक होतं. 'शार्प आहे पोरगा' म्हणालो असतो. कितींदा म्हटलंय.

तेव्हापासून ते खुपतंय, म्हणून आज कबूल करून टाकतो. "हो ताई, बघतो" या वाक्याचा अर्थ काय असतो ते मला विचार. मी ते बोललोय. कालिदास कलामंदिरात, साईखेडकरमध्ये, बाहेरून आलेल्या बायकांना. बघतो म्हणजे बघत नाही. म्हणजे तुम्ही चहा घ्या, आम्ही आमच्या पद्धतीने लावतो. त्यातल्या एकीने मात्र दिवे टांगलेल्या वरच्या बारकडे बोट दाखवून सांगितलं, "डावीकडून तिसरा स्पॉट, अर्धा फूट खाली, रंगाचं जिलेटीन बदला." मी मुकाट्याने शिडीवर चढलो. तेव्हा कळलं, जिला नेमकं सांगता येतं तिला 'बघतो' म्हणून टोलवता येत नाही.

घोडबंदरच्या त्या मालिकेच्या सेटवर तुला असे पन्नास आप्पा भेटतील. दिवसाला एक एपिसोड काढायचा, म्हणजे लाड करायला कुणाला वेळ नाही. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की गोष्ट वळते, हे तूच सांगितलंस. ते मलाही आवडत नाही. पण रोज वीस मिनिटं शूट करताना कॅमेरा कुठे ठेवायचा, नटीच्या कानातलं मागच्या सीनमध्ये कोणतं होतं, दिवे लागेपर्यंत नटांना भूमिकेत कसं धरून ठेवायचं, हे तालमीत वर्षभर शिकायला मिळणार नाही. दीड वर्ष कर. वैताग आला तर सोड. पण नाटकाची वही घरी ठेवू नकोस, ती लोकलमध्ये काढ.

कालच पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकाकडे गेलो होतो. माझ्या मनात मात्र फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई आल्या. त्या फिल्मला भोकं पाडायच्या, धुवायच्या, आणि शिवाय अख्ख्या युनिटला जेवू घालायच्या. आजच्या हिशेबाने त्यांच्या नावावर किती श्रेय चढलं असतं, मोज जरा.

तू विचारशील की नाटकाचं काय. पुढच्या स्पर्धेला तुझी तारीख लागली की कळव. पंचवटी एक्सप्रेसने ये, आई चिवडा करून ठेवेल. बोर्डावर मीच बसेन, फक्त या वेळी तिला शेजारी खुर्ची देणार आहे, क्यूचा कागद तिच्या हातात राहील.

तुझा,
आप्पा