रस-ऑम्लेटची पैज

पेडणे, गोवा
चवथीनंतरचा दुसरा रविवार

प्रिय दिगू,

चवथीला आला नाहीस, त्याबद्दल आईचं बोलणं खाऊन झालं, तेही तुझ्या वाटचं. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला उंच माणूस घरात उरलेला नाही, त्यामुळे मी स्टुलावर आणि भाचा खालून "मामा, पडशील" म्हणणारा. पाऊस अजून हटत नाही. करंज्या तुला ठेवल्या होत्या, त्या मीच खाल्ल्या.

पत्र लिहायचं कारण दुसरंच आहे. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू अंगठा दाखवून सुटला असतास. मी 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या कॉम्प्युटर गेमचा दुसरा भाग, आपला दुसरा प्रिन्स, शेवटपर्यंत खेळलो. होय, तोच. म्हापशाच्या कॉम्प्युटर क्लासात ज्याच्यावरून आपण आठवडाभर बोलत नव्हतो.

भाच्याने लॅपटॉपवर जुने डॉसचे खेळ चालवणारं डॉसबॉक्स घालून दिलं. काळा पडदा आला, मिचमिचणारा कर्सर आला, आणि मला एकदम त्या एसी खोलीचा वास आला. चपला बाहेर काढायच्या, मशीनला धूळ नको. धुळीने संगणकाला व्हायरस होतो असं सरांनी आपल्याला सांगितलं होतं आणि आपण ते घरी जाऊन सांगितलंही होतं. वर्डस्टार, लोटस, डीबेस शिकायची फी भरली, आणि शिकलो काय तर सुळ्यांवरून उडी कशी मारायची ते. रंगीत मॉनिटर एकच. त्याच्यासाठी पहिल्या कदंब बसने निघायचो, आणि शुक्रवारी बाजाराच्या गर्दीत बस अडकली की ती जागा गेली.

तुझ्या मुंबईच्या चुलतभावाने त्या फ्लॉप्या पाठवल्या तो दिवस मला लख्ख आठवतो. वर तुझं अक्षर: 'प्रिन्स २, हात लावू नये'. क्लासच्या मशीनवर तो जहाजाच्या जागी आल्यावर गचकायचा. म्हणजे तू खेळलास पहिली लेव्हल आणि जाहीर केलंस की दुसरा पहिल्यापेक्षा भारी. मी पाहिली तीच पहिली लेव्हल आणि जाहीर केलं की नाही. पैज एक प्लेट रस-ऑम्लेट, म्हणजे आपलं रश्श्यातलं ऑम्लेट, वर जास्तीचा पाव. निकाल लागलाच नाही, कारण पुढचं कुणाला दिसलंच नव्हतं.

तर आता ऐक निकाल. पण आधी तुझी बाजू, कारण तिच्यात दम आहे. ती सुरुवात! पहिल्या खेळातल्या दुष्ट वजिराला, जाफरला, हरवून अकरा दिवस झालेत, राजकन्येचा हात मिळालेला प्रिन्स दरबारात येतो आणि तोच जाफर प्रिन्सचं रूप घेऊन सिंहासनापाशी उभा. आपल्या हिरोला केलंय भिकारी. पहारेकरी धावून येतात आणि हा खिडकीची काच फोडून थेट छपरावर. मागे तलवारी, पुढे छप्परच छप्पर, आणि धावत जाऊन धक्क्यावरून सुटलेल्या जहाजावर उडी. पहिल्या प्रिन्समध्ये आपण तळघरात नुसते पडलेले असतो, दार बंद होतं, बस्स. एवढा दणका तिथे नाही. मागची चित्रंही हाताने रंगवल्यासारखी. तेव्हा तू हरखलास यात तुझी चूक नव्हती.

पण मग जहाज बुडतं, प्रिन्स बेटावर लागतो, आणि तिथून एकेक वस्तू यायला लागते. गुहेत सांगाडे. मग उडता गालिचा. मग पडक्या राजवाड्यात सापाची तरंगती मुंडकी. मग उडणारा घोडा. मग देवळात पक्ष्यांच्या तोंडाचे पहारेकरी. आणि एकाच वेळी चार-चार जण अंगावर. यादी वाचली की तोंडाला पाणी सुटतं, मलाही सुटलं. खेळताना मात्र तिसऱ्या रात्री मी स्वतःला विचारलं, अरे, हे सगळं करायचं काय?

गालिचाचंच घे. लहानपणी उडत्या गालिचाचं स्वप्न कुणी पाहिलं नाही? इथे तो मिळतो, तुम्ही बसता, तो तुम्हाला पुढच्या ठिकाणी नेतो आणि संपला. बस बदलल्यासारखं. घोड्याचंही तेच. मुंडक्यांना मारायचं तंत्र जमलं की पुढची मुंडकी म्हणजे नुसती डासांची कटकट.

आता पहिल्यातला आरसा आठव. चौथी लेव्हल. परत येताना वाटेत आरसा उभा, त्याच्यातून उडी मारल्याशिवाय गत्यंतर नाही. मारली की दुसऱ्या बाजूने आपलीच सावली बाहेर पडते आणि पळून जाते. पाचव्या लेव्हलला आपण औषधाच्या बाटलीकडे धावतो, तेवढ्यात सावली येऊन ती पिऊन टाकते. सहाव्यात ऐन वेळी दार पाडते आणि आपण खाली. मग कित्येक लेव्हल पत्ता नाही. बाराव्यात समोर उभी, तलवार उपसून. अकरा लेव्हल खेळाने आपल्याला काय शिकवलं? समोर कुणी दिसला की तलवार काढ. आणि इथे तिला एक वार केला की आपलाच जीव कमी होतो. तू त्या दिवशी खुर्चीवरून उठून ओरडलास, "अरे, म्यान कर मरे!" मी केली, दोघे एकमेकांत चालत गेले आणि एक झाले. सगळा क्लास मागे उभा होता. सरसुद्धा.

ही सावली कुठून आली ते मला नंतर वाचून कळलं, आणि तेव्हापासून मी ते प्रत्येकाला ऐकवतो, भाचा आता कंटाळलाय. जॉर्डन मेकनरने पहिला खेळ ॲपल टू या मशीनवर केला, १९८९ साली तो बाजारात आला. धावणं-उडी मारणं खरं वाटावं म्हणून त्याने धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला लावलं, त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि एकेक चित्र गिरवलं. संगीत वडिलांनी दिलं. तलवारबाजी १९३८च्या रॉबिन हूडच्या सिनेमातल्या द्वंद्वावरून उचलली. म्हणजे सगळा घरचा कारभार, घरी मातीचा गणपती करतात तसा. खेळात प्रिन्सच्या बरोबरीचा शत्रू हवा होता, पण मशीनची मेमरी संपलेली. नवीन माणूस काढायला जागाच नाही. मग त्याने प्रिन्सचीच चित्रं उलटीसुलटी करून तीच पुन्हा वापरली, आणि झाली सावली. जागा असती तर त्याने चांगला मिशीवाला राक्षस काढला असता आणि आपण तो केव्हाच विसरलो असतो.

दुसऱ्या खेळाच्या वेळी, १९९३ साली, जागा होती. माणसंही होती. मेकनरने आराखडा दिला, प्रोग्रामिंग दुसऱ्यांनी केलं. मग राक्षसही आले, गालिचाही आला.

मारामारीबद्दल तर मला फार बोलायचंय. पहिल्यात एका वेळी एकच पहारेकरी. एक पाऊल पुढे, एक मागे, तो थांबतो, आपण थांबतो. सहाव्या लेव्हलचा तो ढेरपोट्या आठवतो ना? त्याच्याशी लढताना क्लासात पंख्याचा आवाज ऐकू यायचा. दुसऱ्यात चौघे येतात म्हणून चौपट थरार असेल असं वाटतं. प्रत्यक्षात भिंतीला पाठ लावायची आणि बटण बडवत राहायचं. शिवाय नक्षी एवढी की कडा कुठे संपते आणि चित्र कुठे सुरू होतं तेच दिसेना. दोनदा मी चित्रावर उडी मारली. पहिल्यातल्या विटा साध्या होत्या, पण पाय कुठे ठेवायचा ते कळायचं.

आणि वेळ! पहिल्यात साठ मिनिटं, यात पंचाहत्तर. ती साठ मिनिटं मानेवर बसलेली असायची. यात घड्याळ आहे हे मी दुसऱ्या रात्री विसरलो होतो.

तुझे तात्या आठवले मला मधेच. धयकाल्यात, म्हणजे जत्रेतल्या दशावतारी नाटकात, ते स्त्रीपार्ट करायचे तेव्हा रंगमंचावर काय होतं? एक बाकडं, मागे पडदा, बाजूला पेटी, मृदंग आणि झांज. तेच बाकडं सिंहासन, तेच डोंगर, तेच रथ. संकासूर राक्षस पडद्याआडून नुसता डोकावला तरी मी तुझ्या आईच्या मागे लपायचो. गेल्या जत्रेला गावात ट्रिकसीनवालं नाटक होतं. वरून नाग आला, धूर आला, देवीच्या हातातून ठिणग्या उडाल्या. पहिल्या नागाला मी टाळ्या वाजवल्या, खोटं नाही बोलत. तिसऱ्या नागाला पुढच्या रांगेतली पोरं मोबाईलमध्ये गेली होती. मग पहाटे चारच्या सुमाराला एका म्हाताऱ्या नटाने बाकड्यावर बसून मेलेल्या मुलाशी बोलायला सुरुवात केली. लिहिलेलं काही नाही, मनातलंच, आणि मोबाईल पुन्हा खिशात गेले.

तात्यांना ट्रिकसीन आवडले असते का रे? मला वाटतं, आवडले असते. ते स्वतःच नाग होऊन वरून उतरायला तयार झाले असते. म्हणून मी फार जोरात बोलत नाही.

भाच्याशी यावरून वाद झाला. तो दरवर्षी फुटबॉलचा नवा गेम मागतो. मी म्हटलं, काय नवीन आहे? तर म्हणे खेळाडू बदलले, जर्सी बदलल्या, आणि कार्डं नवीन. निन्टेंडो स्विचवर तर फिफा २०, २१ आणि २२ 'लेगसी एडिशन' म्हणून सरळ विकल्या, खेळ तोच, संघ आणि कपडे ताजे. निदान नावातच सांगितलं होतं बिचाऱ्यांनी! मी हे ऐकवलं तर भाचा म्हणतो, "मामा, तुम्ही पण दरवर्षी तीच आरती म्हणता." यावर मला काही सुचलं नाही. तुला सुचलं तर कळव.

पण पुढे सुधारणा होतच नाही असं माझं म्हणणं नाही. प्रिन्सचाच २००३चा 'सॅन्ड्स ऑफ टाइम' आपण तुझ्या पुण्याच्या खोलीवर खेळलो होतो. त्यात साठ मिनिटांचं घड्याळ काढून टाकलं आणि हातात खंजीर दिला, पडलास तर वेळ मागे फिरव. वस्तू म्हटली तर एकच. पण दरीत पडणं म्हणजे काय, हेच तिने बदललं. तू एक उडी चौदा वेळा मागे फिरवली होतीस आणि शेवटी खंजिरातली वाळू संपल्यावर शिव्या दिल्या होत्यास. त्या खेळातही मेकनर होता. योगायोग असेल.

दुसऱ्याचा शेवट सांगून टाकतो, कारण तू आता काही तो खेळणार नाहीस. देवळातली पवित्र ज्योत घ्यायची तर प्रिन्सला स्वतःचं शरीर सोडून सावली व्हावं लागतं. वाचतोयस ना? पुन्हा सावली! खेळाच्या नावातच होती, 'द शॅडो अँड द फ्लेम', आणि मी एवढ्या लेव्हल वाट बघत होतो. ही कल्पना भन्नाट आहे, दिगू. पण ती येते अगदी शेवटी, सांगाडे, गालिचे, मुंडकी, घोडे असा सगळा लवाजमा निघून गेल्यावर, आणि ते नक्की कसं करायचं हे मी चक्क शोधून वाचलं. याच एका गोष्टीवर सगळा खेळ उभा केला असता तर पैज मी रडत हरलो असतो. आणि जाफर मेल्यावर? एक म्हातारी चेटकीण काचेच्या गोळ्यात दोघांना बघत बसलेली. म्हणजे पुढच्या भागाची सोय. १९९९ला तिसरा आला, थ्री-डी, त्यात तिचा पत्ताच नाही. ती बाई अजून बघतच बसली असेल.

तर हिशेब असा: खिडकीचा तो प्रसंग तुझा, बाकी खेळ माझा. रस-ऑम्लेट तू द्यायचं, जास्तीचा पाव मी देतो. डिसेंबरात येशील तेव्हा विमानाने इथल्या मोपालाच उतर, दाबोळी विमानतळाचं तिकीट काढून अर्धा दिवस रस्त्यात घालवू नकोस. मी स्कूटर घेऊन येतो. म्हापशाचा तो गाडा अजून संध्याकाळी लागतो, रस्सा तेवढाच तिखट आहे, हे मी तपासून ठेवलंय. दोनदा.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
उल्हास

ता.क. पहिल्या प्रिन्सच्या हॉल ऑफ फेममध्ये माझं नाव सगळ्यात वर होतं, तेवीस मिनिटं शिल्लक. तू ते वहीत लिहून घेतलं होतंस आणि बरीच वर्षं लोकांना सांगत होतास. त्या दिवशी मी खेळ सुरू करताना 'प्रिन्स'च्या पुढे 'मेगाहिट' हा लबाडीचा गुप्त शब्द टाइप केला होता आणि अधूनमधून अधिकचं बटण दाबून मिनिटं वाढवत होतो. जास्तीचे पाव दोन करूया.