सहीचा कागद

कोल्हापूर, रात्रपाळी

ती. आई-बाबांस, सा. न.

बाबा, आईच्या ऑपरेशनला संमती द्यायचा सहीचा कागद कन्नड-इंग्रजीत आहे म्हणून तुम्ही तो घडी घालून खिशात ठेवलात, असं दादा म्हणाला. खानापूरच्या मराठी शाळेत शिकलेल्या माणसानं दुसरं काय करावं! दादानं कागदाचा आणि एक्स-रेचा फोटो पाठवलाय. हाडांच्या वॉर्डात बारा वर्षं काढलीत, मीच वाचून सांगते.

खुबा मोडलाय. आई, तू म्हणतेस, "मुरगळलाय, खरं मोडला नाही की." पण काल न्हाणीघरात पडल्यापासून तो पाय आखूड दिसतोय, पाऊल बाहेरच्या बाजूला कललंय, टाच उचलत नाही. एवढ्यावरूनच ओळखता येतं. (काहींची चीर इतकी बारीक असते की एक्स-रेत दिसतच नाही, एमआरआय लागतो. तुझी तशी नाही.)

कागदावर 'गार्डन ४' आहे. मांडीच्या हाडाच्या टोकाला गोळा, त्याखाली मान. मान मोडली की गार्डन नावाच्या डॉक्टरच्या चार पायऱ्यांत मोजतात. पहिल्या दोनांत हाड जागेवर असतं, स्क्रूवर भागतं. चौथीत ते पुरतं सरकतं. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मानेला चिकटूनच वर जातात. त्या तुटल्या की गोळा मरू शकतो. म्हणून या वयात तो काढून धातूचा बसवतात, गोळा ज्यात फिरतो ती वाटी तुझीच राहते. "शेजारच्या काकूंना रॉड घातला, हिला का नाही?" हा बाबांचा प्रश्न रास्त आहे. काकूंचं हाड मानेच्या खाली मोडलं होतं. तिथं रक्त भरपूर, जुळून येतं.

लेप लावून तीन महिने निजायचं मात्र डोक्यातून काढ. पाठीला जखमा, छातीत कफ, पायात रक्ताच्या गुठळ्या, हे सगळं मी इथं बघते. ऑपरेशन दोन दिवसांच्या आत झालेलं बरं. भूल बहुतेक कमरेतून देतील. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतील. तू ओरडशील, ओरड.

बाबा, सही करा. मराठीतली चालते.

दादाला कमोडची खुर्ची आणायला सांगा, उकिडवं बसणं आता बंद. सकाळी पाळी संपली की पहिल्या गाडीनं निघते. सिस्टर 'आता काही नको' म्हणाल्या की आईनं कितीही मागितला तरी चहा देऊ नका. तुम्ही देता, मला ठाऊक आहे.

तुमची,
माई